मसल कारमधला जोर आणि आराम

मर्यादित संख्येत निघणाऱ्या मसल कारमध्ये वेग आणि आराम यांचा झगडा मुख्यतः वजनाचा असतो. मागची सीट, आवाज रोखणारे थर, स्पीकर, एसी या सगळ्यांचे किलो इंजिनालाच ओढावे लागतात.

२०१८ ची अमेरिकन डॉज डेमन याचे बोलके उदाहरण आहे. तिच्या अवघ्या ३,३०० गाड्या निघाल्या. सुपरचार्जर लावलेले ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती देते. मूळ गाडीत चालकाची एकच सीट होती; शेजारची आणि मागची सीट प्रत्येकी एक डॉलर देऊन घेता येई. एसी मात्र काढला नाही, आणि खरी हुशारी इथेच आहे. सुपरचार्जरमध्ये दाबलेली हवा तापून विरळ होते, त्यामुळे जोर घटतो. म्हणून शर्यतीच्या वेळी एसीचा गारवा केबिनऐवजी ही हवा थंड करणाऱ्या द्रवाकडे वळवला जातो. चैनीची वस्तू थेट वेगाच्या कामी येते.

आता हेच गणित आपल्याकडच्या रस्त्यावर लावून पाहू. पेण तालुक्यातल्या गडबवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. कोकणातल्या दमट उकाड्यात एसी ही चैन नव्हेच: चालकाचे लक्ष टिकते, पावसाळ्यात काचेवरची वाफही झटकन जाते. खड्ड्यांवर फार कडक सस्पेन्शन असेल तर चाक उचलले जाते आणि पकड सुटते. त्यामुळे इकडच्या रस्त्यांसाठी मागची सीट आणि स्पीकर सोडलेले परवडतील. एसी आणि जरा मऊ सस्पेन्शन सोडू नये.