अडकलेली डिस्क आणि हातोड्याची घाई

कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडी चार-सहा दिवस दारात उभी राहिली, तरी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर चढतो. हा गंज दोन-चारदा ब्रेक दाबला की घासून जातो, त्याची चिंता नको. अडवून ठेवतो तो न दिसणारा गंज. डिस्कचा मधला टोपीसारखा भाग चाकाच्या हबवर जिथे बसतो, तिथे तो वर्षानुवर्षं साठत राहतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. हबच्या मधल्या उंचवट्याभोवतीची फट केसाएवढी असते. ती भरली की पाचर मारल्यासारखी डिस्क आवळली जाते. मग कॅलिपर उतरवला, त्याचा ब्रॅकेट काढला, तरी डिस्क जागची हलत नाही आणि हात हातोड्याकडे जातो. हे काम ताकदीचं नसून निदानाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. डिस्क नेमकी कशाने धरली आहे हे आधी शोधलं, तर ती घरच्या घरी, कमी जोरात आणि बाकी काही न मोडता निघते.

हातोडा इथे का चुकतो, हे बहुतेक डिस्क ज्या धातूच्या असतात त्यातच दडलेलं आहे. ते आहे राखाडी बीड. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फाउंड्र्यांमुळे बिडाचं ओतकाम कोल्हापूरला नवीन नाही. या बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात. त्यांच्यामुळे ब्रेकची उष्णता झटपट पसरते, थरथर शोषली जाते, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तापणाऱ्या डिस्कला हेच दोन गुण लागतात. पण त्याच पापुद्र्यांच्या टोकांपासून तडा सुरू होतो. बीड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्या मानाने फार कमी. डिस्कच्या कडेवर मागून घाव घातला की टोपीच्या कोपऱ्यात नेमका ताण येतो. कडेचा टवका उडून डोळ्यात जाऊ शकतो. शिवाय प्रत्येक घाव हबमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोचतो. त्यांच्या वाटेवर खळगे पडले, तर काही दिवसांनी चाकातून घूंघूं आवाज येऊ लागतो आणि त्याचा संबंध त्या दिवशीच्या ठोकाठोकीशी कुणी जोडत नाही.

म्हणून आधी शोध. गाडी सपाट जागी, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली भक्कम स्टँड. याला पर्याय नाही. काही गाड्यांत डिस्क हबला एक-दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. गंजाखाली त्यांची डोकी दिसत नाहीत, आणि स्क्रू तसाच ठेवून ठोकत बसणं ही सर्वांत वाया जाणारी मेहनत. मागच्या डिस्कच्या टोपीत काही गाड्यांना हँडब्रेकचे शू असतात. हँडब्रेक ओढलेला असेल किंवा शू डिस्कच्या आतल्या झिजेच्या कडेत अडकले असतील, तर तिथे गंजाचा प्रश्नच नसतो. हँडब्रेक सोडून शूंचा ॲडजस्टर ढिला करावा लागतो. हे दोन्ही नाही असं दिसल्यावरच गंजाकडे वळावं. मधल्या उंचवट्याभोवती आणि स्टडच्या भोकांत गंज सोडवणारं तेल मारून त्याला मुरायला पुरेसा वेळ द्यावा. पुष्कळ डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. ती शोभेची नाहीत. त्यांत बहुधा आठ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. ते आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेलं की बोल्टचं टोक हबवर टेकतं आणि डिस्क सरळ बाहेर ढकलली जाते. इथे जोर नेमका गंजाच्या पकडीविरुद्ध लागतो, बेअरिंगला धक्का बसत नाही. चाकाचे एक-दोन नट दोन-चार आटे अडकवून ठेवावेत, म्हणजे सुटलेली डिस्क पायावर येणार नाही.

गॅरेजवाले म्हणतील, एवढा वेळ कुणाकडे आहे? डिस्क भंगारातच जायची असेल तर दोन घाव घालून मोकळं व्हावं. यात तथ्य आहे. भंगारात जाणाऱ्या डिस्कला, डोळ्यांवर चष्मा लावून, स्टडच्या मधल्या सपाट भागावर बेताचे ठोके देत ती फिरवत राहिलं तर गंजाची पकड सुटते, आणि बोल्टने ताण देऊन मग असा ठोका दिला तर आणखी लवकर सुटते. पण डिस्क भंगारात गेली तरी हब आणि बेअरिंग गाडीतच राहणार आहेत. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, तिथे हौशी हात कशाला? मला इथे एक रेष आखावीशी वाटते. डिस्क काढताना ब्रेक ऑइलची नळी उघडावी लागत नाही; कॅलिपर तारेने वर टांगायचा, नळीवर त्याचं वजन येऊ द्यायचं नाही. नळी फुगलेली दिसली, कॅलिपरचा पिस्टन आत जात नसेल किंवा ऑइल गळत असेल, तर काम तिथेच थांबवून जाणकार मेस्त्रीला बोलवावं. ज्याच्याकडे बोल्ट योग्य टॉर्कला आवळायची सोय नाही त्यानेही हे काम घेऊ नये. त्या रेषेच्या अलीकडे मात्र घरच्या माणसाकडे गॅरेजला न परवडणारी गोष्ट असते, ती म्हणजे वेळ.

हा वेळ सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो डिस्क निघाल्यानंतर. हबच्या तोंडावर गंजाची बारीक खपली राहिली आणि नवी डिस्क तिच्यावर आवळली, तर डिस्क किंचित तिरकी बसते. हबपाशी असलेला फरक डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत वाढत जातो, आणि पुष्कळ गाड्यांत तिथे चालणाऱ्या फरकाची मर्यादा मिलिमीटरच्या पाच-शतांश भागाच्या आसपास असते. अशी डिस्क काही हजार किलोमीटरमध्ये असमान झिजते, मग ब्रेक मारताच स्टिअरिंग थरथरतं आणि दोष नव्या डिस्कवर जातो. म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत होईस्तोवर घासावा. धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुनीच डिस्क पुन्हा बसवायची असेल तर तिची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर तिचं तोंड घेतलं जाईलही, पण त्या किमान जाडीखाली गेलेली डिस्क कुठल्याही लेथने वाचत नाही. बसवताना मधल्या उंचवट्याच्या कडेला ग्रीसचा पुसट हात पुरे, सपाट तोंड कोरडं ठेवावं. घासणाऱ्या पृष्ठभागावरचं सगळं तेल ब्रेक क्लीनरने काढावं. चाक चढवल्यावर, गाडी इंचभरही हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावं, कारण मागे ढकललेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही.