गारव्यात लपलेली साखर

उन्हाळा लागला की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. पहिले जुलाब आणि काविळीचे. दुसरे असे मधुमेही, की ज्यांची साखर थंडीभर ताब्यात असते आणि एप्रिल-मे महिन्यांत 'अकारण' उसळते. हा 'अकारण' शब्द रुग्णांचा. कारण बहुतेक वेळा घरच्या फ्रीजमध्येच सापडते.

गेल्या मे महिन्यात आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक तपासणीला आले. मी त्यांना गुरुजीच म्हणतो. बारा वर्षांचा मधुमेह, पण माणूस शिस्तीचा. चहा बिनसाखरेचा, भाताची एकच मूद, रोज सकाळी पाऊण तास फिरणे. त्यांची उपाशीपोटीची साखर एरवी १३० च्या आसपास असते. त्या दिवशी ती २१२ आली आणि जेवणानंतरची ३१८. गोळ्या चुकल्या नव्हत्या, ताप नव्हता, कुठे जखम नव्हती.

"डॉक्टर, गोड म्हणाल तर नैवेद्याचा पेढासुद्धा मी खात नाही," गुरुजी म्हणाले.

शेजारी बसलेल्या बाईंना राहवेना. "अहो, ते दुपारचं सांगा की!"

मग उलगडा झाला. सुटीत पुण्याहून नात आली होती. ती रोज दुपारी मिक्सरमध्ये एक थंडगार पेय करायची. नाव पिन्या कोलाडा. अननस, नारळ आणि बर्फ. "फळांचंच तर आहे, त्यात काय वाईट?" असे म्हणून आजोबा रोज दोन ग्लास घेत होते.

मी कागद पुढे ओढला आणि कृती विचारली. तीन ग्लासांसाठी डब्यातले पाकातले अननस एक वाटी, कंडेन्स्ड मिल्क अर्धी वाटी, नारळाचे दूध, वरून सहा चमचे साखर आणि बर्फ. आता हिशेब पाहा. कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते, तेव्हा अर्ध्या वाटीत सुमारे ५० ग्रॅम साखर आली. सहा चमच्यांची ३० ग्रॅम. पाकातल्या अननसाची आणखी २५ ते ३०. एकूण झाली जवळजवळ ११० ग्रॅम, म्हणजे दर ग्लासाला सात चमचे. गुरुजी चहातला एक चमचा कटाक्षाने टाळत होते आणि दुपारी चौदा चमचे पीत होते!

कागदावरचा आकडा पाहून ते गप्प झाले. मग म्हणाले, "पण डॉक्टर, खरं सांगतो, ते इतकं गोड लागत नव्हतं हो."

ते खरेच बोलत होते. आजचा लेख त्यांच्या या एका वाक्यावरच लिहितो आहे.

थंडपणा जिभेला फसवतो

आपल्या जिभेला गोडी कळते ती तापमानावर अवलंबून असते. पदार्थ जितका गार, तितकी त्याची गोडी कमी जाणवते. पडताळून पाहायचे असेल तर आइस्क्रीमची वाटी पूर्ण वितळू द्या आणि मग चमचाभर चाखा. मघाशी बेताचे वाटलेले आइस्क्रीम आता मिट्ट गोड लागेल. साखर तेवढीच आहे, फक्त गारवा गेला.

म्हणून बर्फाळ पेय करणारा माणूस चव घेत घेत नकळत साखर वाढवत जातो. त्यात लिंबाचा किंवा अननसाचा आंबटपणा असला की गोडी आणखी झाकली जाते. जिभेला पत्ता लागत नाही, पण आतड्याला लागतो. पातळ पदार्थातली साखर भराभर रक्तात उतरते.

साखर घालण्याचे दुसरेही एक कारण आहे. साध्या पाण्याचा शून्य अंशाला दगडासारखा बर्फ होतो. साखर विरघळलेले पाणी त्याहून खालच्या तापमानाला गोठते आणि त्याचा बर्फ मऊ, भुसभुशीत राहतो. म्हणून नुसती साखर वगळून तीच कृती केली तर पेय बेचव होते आणि फ्रीजरमध्ये त्याची वीट होते. मग माणूस म्हणतो, 'पथ्याचे म्हणजे असलेच!' आणि दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा पुन्हा उघडतो. साखर कमी करायची तर कृतीही बदलावी लागते.

आधी मद्याविषयी

पिन्या कोलाडा हे पेय मूळचे कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटाचे. तेथे १९७८ साली त्याला राष्ट्रीय पेयाचा मान मिळाला. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थ 'गाळलेला अननस'. मूळ कृतीत अननसाचा रस, नारळाचा गोड दाट रस आणि रम असते, म्हणजे ते खरेखुरे कॉकटेल आहे. गुरुजींच्या घरी अर्थातच रम नव्हती. पण सगळ्याच घरांत तसे असते असे नाही आणि डॉक्टरने डोळे मिटून घेणे बरे नव्हे, म्हणून स्पष्ट लिहितो.

जेवणांमधल्या वेळात यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडत असते. मद्य पोटात गेले की हे काम मंदावते. जो रुग्ण इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतो, त्याची साखर अशा वेळी, विशेषतः उपाशीपोटी, धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तीही कित्येकदा काही तासांनी, मध्यरात्री. घाम येतो, पाय लटपटतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, 'जास्त झाली, झोपू द्या.' तो गैरसमज जिवावर बेतू शकतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने भरपूर मद्य घेतले तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, मूत्रपिंड किंवा यकृत आधीच दुबळे असेल तर अधिकच. आणि गारवा व गोडी यांमुळे मद्याचा उग्रपणा झाकला जातो, त्यामुळे किती पोटात गेले याचा अंदाज राहत नाही. खाली दिलेल्या कृती बिनमद्याच्या आहेत आणि त्या तशाच कराव्यात.

साखर कमी करण्याची युक्ती

पहिली गोष्ट, बर्फ आणि फळ वेगवेगळे घेऊ नका. फळच गोठवा. पिकलेल्या फळाच्या लहान फोडी ताटलीत सुट्या पसरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. या फोडीच बर्फाचे काम करतात. पाण्याच्या बर्फाने पेय पांचट होते आणि पांचटपणा घालवायला साखर लागते, ते दोन्ही टळते.

दुसरी गोष्ट, फळाची निवड. १०० ग्रॅम गरात कलिंगडात सुमारे ६ ग्रॅम साखर असते, पपईत ८, अननसात १० आणि आंब्यात १४ च्या घरात. म्हणून मधुमेह्याने कलिंगड, पपई, अननस यांना आधी पसंती द्यावी. आंबा चवीपुरता दोन चमचे घालायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, चवीची भर. चिमूटभर मीठ, लिंबाचे चार थेंब, आल्याचा रस, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मिठाच्या कणाने फळाची मूळची गोडी उठून दिसते. आपल्याकडे कलिंगडावर मीठ भुरभुरवतात ते उगीच नव्हे.

चौथी गोष्ट, पेय फार गार पिऊ नका. ग्लासात ओतल्यावर पाच मिनिटे थांबा. गोडी आपोआप वर येते.

अननस आणि शहाळे (दोन लहान ग्लास)

ताज्या अननसाच्या गोठवलेल्या फोडी एक वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम. शहाळ्याचे पाणी एक वाटी. शहाळ्यातली मऊ मलई दोन चमचे, ती घातल्याने नारळाचा दाटपणा येतो. अर्धा चमचा आल्याचा रस, थोडे लिंबू, चिमूटभर मीठ. फोडी बाहेर काढून पाच मिनिटे ठेवाव्यात, मिक्सरचे भांडे निम्मेच भरावे आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा, नाही तर मोटर तापते. गाळू नये. एका ग्लासात सुमारे १० ग्रॅम साखर येते आणि तीही फळाची. नातीच्या कृतीत ती ३५ ग्रॅमच्या वर होती.

आमसूल आणि कलिंगड (दोन लहान ग्लास)

सहा-सात आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करावीत व पाणी गाळून घ्यावे. कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडी दोन वाट्या मिक्सरमधून काढून त्यात मिसळाव्यात. जिरेपूड घालावी. आमसुलाला मीठ असतेच, म्हणून आणखी घालू नये. हे मिश्रण पसरट थाळीत ओतून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडावे. साखर नसल्यामुळे याचा दगड होऊ पाहतो. खरवडल्याने तो मोडतो आणि दोन-तीन तासांत गोळ्याच्या बर्फासारखा लाल चुरा तयार होतो. दर ग्लासाला साखर ९-१० ग्रॅम.

दिवसाला असा एकच लहान ग्लास घ्यावा आणि तो त्या दिवसाच्या फळात मोजावा. भरपेट जेवणावर घेऊ नये. तहान लागली तर पाणी प्यावे. ज्यांना मधुमेह नाही त्यांनाही हिशेब चुकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली व रसातली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा लहान चमचे, राहिली तर उत्तम.

नेहमीचे प्रश्न

*गूळ किंवा मध घातला तर?* गूळ ही बहुतांशी साखरच आहे आणि मधात पाच भागांतले चार भाग साखर असते. रंग बदलला म्हणून मधुमेह फसत नाही.

*साखरेऐवजी मिळणाऱ्या गोळ्या किंवा पूड?* मधुमेह्याने बेताने घ्यायला सहसा हरकत नसते. मात्र वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. माझ्या मते जिभेची सवय हळूहळू कमी करणे अधिक टिकाऊ. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेल्यास महिन्याभरात फरक जाणवत नाही.

*शहाळे सर्वांना चालते का?* नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते घेऊ नये. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठही कणभरच वापरावे.

*बाहेरचा बर्फ वापरावा का?* शक्यतो नाहीच. गोठवल्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे विषाणू बर्फात टिकून राहतात. आपल्या राज्यात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा आदेश निघाला तो याचसाठी. बर्फ लागलाच तर उकळून गार केलेल्या पाण्याचा घरी करावा आणि फळे कापण्यापूर्वी सालीसकट धुवावीत.

एक गोष्ट विसरू नका

इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, भूक खवळली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याची साखर उतरली असण्याची शक्यता असते. अशा वेळी वरची पथ्याची पेये उपयोगाची नाहीत. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. साखर कमी करण्याच्या उत्साहात घरातला साखरेचा डबा कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

गुरुजींची गोळी मी त्या दिवशी वाढवली नाही. पेय बदला आणि तीन आठवड्यांनी या, एवढेच सांगितले. जूनमध्ये ते आले तेव्हा उपाशीपोटीची साखर १३८ होती. बरोबर नातही होती. मला वाटले, आजोबांचा गोड घास तोडला म्हणून रागावली असेल. पण तिने वहीचे एक पान काढून दाखवले. तिने प्रत्येक फळाच्या साखरेचा तक्ता केला होता आणि आजोबांचा स्टीलचा मोठा ग्लास बदलून लहान आणला होता.

"डॉक्टरकाका, पपई आणि लिंबू पण छान लागतं," ती म्हणाली. "फक्त आजोबांना सांगा, दुसरा ग्लास मागायचा नाही."

गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. ते मी त्यांना तिच्यासमोरच सांगितले.