नरसोबाच्या वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी: एका गल्लीची चव कशी ठरते?

कोल्हापूर जिल्ह्याचं नाव निघालं की डोळ्यासमोर काय येतं? तांबडा-पांढरा रस्सा, नाहीतर घाम काढणारी मिसळ. पण याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, असं एक गाव आहे जिथून परतलेल्या माणसाला घरात शिरतानाच विचारतात, "बर्फी आणलीस का?"

तीही साधी बर्फी नाही, कवठाची!

गाव म्हणजे नृसिंहवाडी. लोक म्हणतात नरसोबाची वाडी, आणि या भागात तर नुसतं ‘वाडी’ म्हटलं तरी पुरतं. एसटीतून उतरून देवळाकडे चालायला लागलं की दोन्ही बाजूंनी हार-फुलांची आणि मिठाईची दुकानं सुरू होतात. पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी. दुकान कुठलंही असो, पाटी थोड्याफार फरकाने तीच.

हेच पदार्थ इथे का? उत्तर शोधायला लागलं की नदी, म्हशी आणि भाविकांच्या पिशव्या एकाच धाग्यात ओवलेल्या दिसतात.

गर्दी ठरावीक दिवसांची

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या संगमावर वाडी वसली आहे. श्री नृसिंह सरस्वती यांचं इथे बारा वर्षं वास्तव्य होतं, अशी श्रद्धा आहे. देवळात मूर्ती नाही, पूजा होते ती दत्ताच्या पादुकांची. महाराष्ट्राइतकेच कर्नाटकातूनही लोक इथे येतात.

पण ही गर्दी रोज सारखी नसते. गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती, गुरुप्रतिपदा या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि मधल्या एखाद्या मंगळवारी गल्ली निवांत असते.

म्हशीला मात्र पौर्णिमा कळत नाही. ती रोज दोन वेळा दूध देते. वाडीच्या मिठाईचं गणित इथेच आहे.

दूध टिकवायचं कसं?

दोन्ही नद्यांच्या काठची जमीन काळी आणि पाण्याची. ऊस भरपूर, त्यामुळे उसाचं वाढं आणि हिरवा चाराही भरपूर. चारा आहे म्हणून म्हशी आहेत. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे म्हशीचं दूध आटवलं की त्याला दाटपणा लवकर येतो आणि खवाही जास्त पडतो.

फ्रीज नव्हते तेव्हा शिल्लक दूध टिकवायचा खात्रीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे चुलीवर आटवणं. अर्ध्यावर आणून साखर घातली की बासुंदी. आणखी आटवत कोरडं केलं की खवा, आणि खव्यात साखर घालून भाजलं की पेढा. साधारण ५ लिटर म्हशीच्या दुधातून १ किलो खवा निघतो.

वाडीतच नव्हे, शेजारच्या कुरुंदवाडातही बासुंदी-पेढ्यांचं नाव आहे. एकेकाळी पटवर्धनांचं संस्थान असलेलं हे गाव वाडीला अगदी लागून आहे. नदीकाठ तोच, दूधही तेच.

यात एक छान विभागणी झाली आहे. बासुंदीत पाणी जास्त, म्हणून ती लवकर आंबते. ती तिथेच बसून खायची. पेढ्यात पाणी कमी आणि साखर जास्त, म्हणून तो काही दिवस टिकतो. तो प्रसाद म्हणून घरी न्यायचा. एक पदार्थ पोटासाठी, दुसरा पिशवीसाठी.

मग कवठ कुठून आलं?

कवठ म्हणजे टणक कवचाचं, क्रिकेटच्या चेंडूएवढं फळ. फोडायला दगड लागतो. आत तपकिरी, आंबटगोड आणि उग्र वासाचा गर असतो. बहुतेक घरांत त्याची आठवण महाशिवरात्रीला येते. गूळ घालून चटणी होते आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय संपतो.

वाडीने याच फळाची बर्फी केली, आणि यात एक अडचण आहे. आंबट गर दुधात घालून उकळला तर दूध फाटणारच. म्हणून आधी बिया आणि रेषा काढून गर साखरेबरोबर आटवायचा आणि दूध वापरायचं ते खव्याच्या रूपात. प्रत्येक दुकानाचं प्रमाण वेगळं, पण तत्त्व हेच.

इथे कवठाचा एक गुण कामी येतो. त्याच्या गरात पेक्टिन भरपूर असतं. जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ तोच. त्यामुळे वडी छान धरते. चव अशी की पहिल्यांदा खाणारा क्षणभर गोंधळतो, कारण गोडाच्या पाठोपाठ आंबटपणा येतो. पेढा दत्ताच्या कुठल्याही गावी मिळेल, ही बर्फी मात्र वाडीची ओळख सांगते.

गोडाच्या पलीकडे

फक्त गोड खाऊन परत फिरू नका. जवळच्या जयसिंगपूरचं भडंग प्रसिद्ध आहे. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण आणि तिखट. ओलावा जवळजवळ नाहीच, म्हणून तेही प्रवासाला पक्कं.

नदीचं पाणी ओसरल्यावर काठावर गाळाची जी जमीन उघडी पडते तिला इथे ‘मळी’ म्हणतात. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव झालं ते अशाच जमिनीमुळे. भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी हे या काठाचं खरं रोजचं जेवण.

आणि घेवडा. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात अमरापूरच्या एका गरीब घराची गोष्ट आहे. दारातल्या घेवड्याच्या वेलावर त्यांचं पोट चालायचं. स्वामींनी त्याच शेंगांच्या भाजीची भिक्षा घेतली आणि जाताना वेलच उपटून टाकला. बाईने आकांत केला, पण वेलाचं मूळ खणताना द्रव्याने भरलेला घडा सापडला. हे अमरापूर म्हणजे वाडीसमोरच्या काठावरचं औरवाड असं मानतात. दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी आवर्जून करतात, ती या कथेमुळे.

जी नदी देते, तीच घेऊन जाते

पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळाच्या उत्तर दाराने आत येतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडतं. याला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून धावत येतात. म्हणजे ठरावीक उंचीपर्यंतचा पूर हा इथे उत्सव असतो.

पण कृष्णा फार फुगली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे जायला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी देवळापाशी थांबलं नाही, गावात शिरलं. अशा वेळी नुकसान फक्त दुकानातल्या मालाचं होत नाही. जनावरं उंचावर हलवावी लागतात, वैरण कुजते, रस्ते बंद झाल्याने दूध येत नाही आणि भाविकही येत नाहीत. चुलीपासून गिऱ्हाइकापर्यंतची अख्खी साखळी एकदम तुटते. पाणी ओसरल्यावर दुकान आठवड्यात धुऊन निघतं, पण गेलेली म्हैस परत घ्यायला शेतकऱ्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

जाणार असाल तर

बासुंदी तिथेच खा. पार्सल घ्यायचीच असेल तर घर तासाभराच्या अंतरावर असेल तरच. पेढा आणि बर्फी घेताना ‘कधीपर्यंत खायची’ याची तारीख विचारा. सुट्ट्या मिठाईसमोर ती लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक करण्यात आलं होतं. कवठाच्या बर्फीचा आधी एक तुकडा चाखून बघा. आंबटपणा जाणवलाच नाही आणि नुसतीच साखर लागली, तर पुढच्या दुकानात जा. गल्लीत दुकानांना तोटा नाही.