मारणाऱ्याच्या स्वयंपाकघरात

शिकागोचा एमेट टिल हा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतील मनी या खेड्यात नातेवाइकांकडे आला होता. दुकानातील गोऱ्या बाईशी तो आगळिकीने वागला, एवढ्या आरोपावरून तिचा नवरा आणि त्याचा सावत्र भाऊ यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी प्रेत नदीत सापडले. सर्व गोऱ्या ज्यूरीने तासाभरात दोघांना निर्दोष ठरविले. पुढे त्याच दोघांनी एका नियतकालिकाकडून पैसे घेऊन खुनाची हकिगत सांगितली!

अशा विषयावर आक्रोशाची कविता अपेक्षित असते. शिकागोचीच कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स हिने वेगळेच केले. 'द बीन ईटर्स' (१९६०) या संग्रहातील तिची दीर्घ कविता त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात घडते. बाई न्याहारी करते आहे. शाळेत वाचलेल्या जुन्या कथागीतासारखे तिला हे सारे वाटले होते: आपण सुकुमार नायिका, नवरा राजपुत्र, काळा तो खलनायक. पण खलनायक तर पोरगेलाच निघाला. नवरा मेजावर स्वतःच्या लहानग्याला चापट मारतो आणि तिला रक्त दिसू लागते. मेलेल्या मुलाची आई येते ती नंतरच्या एका अगदी छोट्या कवितेत.

याच खुनाचा दूरचा आधार घेतलेले जेम्स बाल्डविनचे 'ब्लूज फॉर मिस्टर चार्ली' हे नाटक १९६४ साली ब्रॉडवेवर आले. खुन्याचे खरे चित्र आपल्याला कधीच रंगविता येणार नाही, अशी भीती आपल्याला वाटत होती, हे बाल्डविनने प्रस्तावनेत कबूल केले आहे. मला मात्र त्यातला पार्नेल अधिक अस्वस्थ करतो. हा गोरा संपादक काळ्यांचा मित्र. खुन्याची बायको कोर्टात खोटे बोलते, ते त्याला कळते, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात तो गप्प राहतो. असे मित्र आपल्यालाही आहेत.

"सर, त्या बाईवर कविता कशाला?" असे एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले. हिंसा शिजते ती त्या घरात, असे मी म्हणालो. पण उत्तर अपुरे होते. १९७२ साली 'दलित पँथर' हे नाव आपण अमेरिकेतील चळवळीवरून घेतले. हे धाडस मात्र आपल्या कवितेत क्वचितच आले. याला एक कारण आहे. काळ्या बाया गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करीत. ती घरे त्यांना आतून ठाऊक होती. माझी आई ताकासाठी पाटलाच्या मागल्या दाराशी उभी राहायची. ताक वरून तिच्या तांब्यात ओतले जायचे. दारापलीकडची चूल तिने कधी पाहिली नाही, मीही नाही.