गळास लागलेला मासा ओळखणें

तळ्यांत मत्स्यबीज सोडणाऱ्या शेतकऱ्यास गळास लागलेला मासा ओळखतां आला पाहिजे. रंगावर भिस्त ठेवूं नये; गढूळ पाण्यांत तो पालटतो. प्रथम तोंड पाहावें. कटल्याचें डोकें मोठें व तोंड वर वळलेलें, कारण तो पृष्ठभागीं चरतो. रोहूचे ओठ जाड व झालरीसारखे. मृगळाचे पातळ, व तो तळाशीं चरतो. तिघांच्याही जबड्यास दांत नसतात. परंतु डोकें सर्पासारखें, पाठीवरील पर लांबच लांब आणि जबड्यांत तीक्ष्ण दांत दिसल्यास तो मरळ मासा होय. तो रुचकर खरा, हें आम्हीही नाकारीत नाहीं. पण बोटुकली गिळतो. असा एक सांपडला तरी नवें बीज सोडण्यापूर्वीं तळें आटवावें. नुसत्या जाळ्यानें मरळ पुरते निघत नाहींत. चिखलांत दडून राहतात.