विंडो एसीपासून पीसी चिलर : घरी बनवता येतो, पण तुमच्या गावात उपयोग होईल का?

मोबाइलवर तासभर गेम खेळलं की मागची बाजू तापते आणि गेम अडखळायला लागतो. म्हणून हल्ली मोबाइलच्या पाठीला लावायचे छोटे कूलर मिळतात. त्यात पेल्टिअर नावाची चकती असते. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. असा कूलर पावसाळ्यात वापरला असेल तर गार प्लेटवर पाण्याचे थेंब जमलेले तुम्ही पाहिले असतील. ते थेंब लक्षात ठेवा. गेमिंग पीसीसाठी घरी चिलर बनवायचा की नाही, हे शेवटी त्यांच्यावरच ठरतं.

चिलर म्हणजे नक्की काय?

साध्या लिक्विड कूलिंगमध्ये पाणी प्रोसेसरवरची उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये जातं आणि पंखे ती उष्णता खोलीच्या हवेत सोडतात. यात एक मर्यादा आहे. पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी ४० च्या वरच राहणार.

चिलरमध्ये रेडिएटरच्या जागी फ्रिज किंवा एसीसारखी यंत्रणा येते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो गॅस कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो, मग बारीक नळीतून पुढे जाऊन इव्हॅपोरेटर कॉइलमध्ये पुन्हा वाफ होतो आणि तेव्हा आजूबाजूची उष्णता शोषतो. ती कॉइल पाण्यात असेल तर पाणी खोलीपेक्षा गार होतं. पाणी जितके अंश खाली, तितकीच साधारण चिपही खाली.

कल्पना जुनी आहे. १९७६ च्या क्रे-१ सुपरकॉम्प्युटरला फ्रिऑन गॅसचं कूलिंग होतं. २०१८ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला, तेव्हाही टेबलाखाली एक वॉटर चिलर होता. तो हायलिया कंपनीचा होता, म्हणजे जी फिश टँकचं पाणी गार ठेवायचे चिलर बनवते तीच.

पीसी सरळ फ्रिजमध्ये का नको?

हा प्रश्न हमखास येतो. घरगुती छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर साधारण शंभर-दीडशे वॅट उष्णताच बाहेर काढू शकतो. कारण भाजी आणि दूध स्वतः उष्णता तयार करत नाहीत. त्यांना एकदा गार केलं की झालं.

पीसी मात्र सतत उष्णता ओततो. कोअर आय-९ १४९००के प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटपर्यंत. दोन्ही मिळून ७०० वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर न थांबता चालत राहील आणि तरी आतलं तापमान वाढतच जाईल.

विंडो एसीचं गणित वेगळं आहे. एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढायची क्षमता. पाऊण टनाचा जुना विंडो एसी कागदावर सुमारे २६०० वॅट काढतो. ७०० वॅटसाठी तो भरपूर झाला.

घरचा चिलर कसा जोडतात?

१. विंडो एसीचं पुढचं कव्हर आणि आतला ब्लोअर काढतात. कंडेन्सरचा पंखा त्याच मोटरच्या दुसऱ्या टोकाला असतो, तो तसाच ठेवतात.

२. गॅसची लाइन न कापता, तांब्याची नळी अगदी हळू वाकवून इव्हॅपोरेटर कॉइल खाली एका आइसबॉक्समध्ये बसवतात. सगळ्यात धोक्याचं काम हेच. नळी दुमडली तर गॅसचा रस्ता बंद होतो, चिरली तर गॅस उडून जातो.

३. आइसबॉक्समध्ये पाणी आणि सुमारे पाव भाग ग्लायकोल घालतात. मग मिश्रण उणे १० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय गोठायला लागत नाही. नाहीतर पंप बंद पडला की कॉइलभोवती बर्फ धरतो. प्रॉपिलीन ग्लायकोलच घ्या. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं, घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रा असेल तर ते नकोच.

४. कॉइलला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. तेच पाणी पीसीच्या तांब्याच्या ब्लॉकमधून फिरवलं तर ॲल्युमिनियम गंजतं. म्हणून मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर लावून दोन वेगळे फेरे करतात : एक आइसबॉक्सचा, एक पीसीचा.

५. एसीच्या थर्मोस्टॅटऐवजी एसटीसी-१००० सारखा डिजिटल कंट्रोलर लावतात आणि त्याचा सेन्सर पाण्यात सोडतात. कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर हवा.

टाकी मोठी का हवी?

कॉम्प्रेसर बंद झाला की पुन्हा सुरू व्हायच्या आधी त्याला किमान तीन मिनिटं थांबू द्यावं लागतं. सतत चालू-बंद झाला तर तो लवकर मरतो. समजा पाणी ३ अंश वर गेलं की चालू आणि तितकं खाली आलं की बंद असं सेट केलं. टाकी १० लिटरची असेल तर ७०० वॅटच्या लोडला ती तीनच मिनिटांत तापेल आणि मिनिटभरात गार होईल. ४० लिटरची असेल तर सुमारे १२ मिनिटं बंद आणि साडेचार मिनिटं चालू. कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

खरा शत्रू : दव

आता ते थेंब. हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, त्याला दवबिंदू म्हणतात. पाण्याची नळी किंवा ब्लॉक दवबिंदूच्या खाली गेला की त्यावर पाणी जमणार, आणि ते मदरबोर्डवर टपकणार. म्हणून पाणी दवबिंदूच्या निदान ३ अंश वर ठेवायचं.

तीन ठिकाणांचा हिशोब करून बघू.

मुंबई, जुलै : खोली ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. दवबिंदू २६. पाणी २९ च्या खाली न्यायचं नाही. फायदा फक्त एक अंश!

पुणे, डिसेंबर : खोली २५ अंश, आर्द्रता ५० टक्के. दवबिंदू १४. पाणी १७ पर्यंत, फायदा ८ अंश.

नागपूर, मे : खोली ४० अंश, आर्द्रता २० टक्के. दवबिंदू १३. पाणी १६ पर्यंत, फायदा तब्बल २४ अंश.

म्हणजे एकच मशीन, एकच खर्च. पण कोकणपट्टीत पावसाळ्यात ते शोभेचं आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात कामाचं. नागपूरकरांसाठी मात्र एक फंदा आहे. खोलीत वाळ्याचा कूलर सुरू केला की तो हवेत पाणी मिसळतो. खोली २९ अंशांवर येईल, पण आर्द्रता ६५ टक्के झाली तर दवबिंदू २२ वर जातो. १६ अंशांवर चालणारी नळी मग घामेजून जाईल. एसीचं उलट आहे, तो हवा कोरडी करतो.

तुमचा आकडा कसा काढायचा? हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये ड्यू पॉइंट दिसतो. हवा नुसती तापली किंवा थोडी गार झाली तरी दवबिंदू बदलत नाही, म्हणून खिडक्या उघड्या असतील तर बाहेरचा आकडा खोलीलाही बऱ्यापैकी लागू पडतो. कूलर किंवा एसी चालू असेल तर खोलीतच हायग्रोमीटर ठेवा.

वीज आणि सुरक्षितता

वरच्या हिशोबात कॉम्प्रेसर पाव वेळच चालतो, म्हणजे पंपासकट तासाला साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट. बिलापेक्षा उष्णतेकडे लक्ष द्या. पीसीचे ७०० वॅट आणि कॉम्प्रेसरची वीज, सगळं कंडेन्सरमधून बाहेर पडतं. एसी खिडकीतच बसवला नाही तर खोलीची भट्टी होईल.

पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी आहेत. नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी नसेल तर हे काम सुरूच करू नका. एसीचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही शॉक देऊ शकतो. नव्या एसीत आर-३२ किंवा आर-२९० गॅस असतो. आर-३२ काही प्रमाणात पेट घेतो, आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. जुना आर-२२ पेटत नाही, पण हवेत सुटला तर ओझोन थराला मारक ठरतो. म्हणून नळी वाकवायचं काम एसी मेकॅनिकच्या हातून करून घ्या.

मग करायचं का?

रोजच्या गेमिंगसाठी नाही. चांगला ३६० मिमीचा लिक्विड कूलर आणि हवा खेळती असलेलं कॅबिनेट बहुतेकांना पुरतं. ओव्हरक्लॉकिंगचा नाद असेल, गाव कोरड्या हवेचं असेल आणि मदतीला मेकॅनिक असेल, तर हा प्रोजेक्ट रेफ्रिजरेशन शिकवून जाईल. नळ्या वाकवायच्या नसतील तर फिश टँकचा तयार चिलर घ्या; पण त्याची क्षमता वॅटमध्ये तपासा, कारण छोटे मॉडेल पीसीला पुरत नाहीत. आणि काहीही विकत घ्यायच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी दवबिंदू वहीत लिहून ठेवा. खोलीचं तापमान आणि दवबिंदू यात दहा अंशांचंही अंतर पडत नसेल, तर तुमचे पैसे वाचले.