सही कोणाची, शरीर कोणाचे?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात रक्ततपासणीचे शिबिर ठरले. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे असल्यामुळे संमतीपत्रे भरून घेण्याची जबाबदारीही माझ्यावरच आली. कागद इंग्रजीत आणि बारीक टाइपात छापलेला होता. रक्त कशासाठी घेणार, माहिती कोणाकडे जाणार, हे मी स्वतःच नीट वाचले नव्हते. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मी कागद वाटले आणि सही कुठे करायची तेवढे सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, नाही म्हटलं तर चालेल का?"

मी म्हणालो, "अगं, तुमच्या चांगल्यासाठीच आहे." तिने सही केली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आले. आणि हेही लक्षात आले की, माझे ते वाक्य माझे नव्हते. मी आठवीत शासकीय वसतिगृहात असताना एका सकाळी आम्हा मुलांना व्हरांड्यात रांगेत उभे केले आणि प्रत्येकाच्या दंडात सुई टोचली. कशाची, ते मला आजही ठाऊक नाही. एका मुलाने विचारले तेव्हा गृहपाल म्हणाले होते, "तुमच्या चांगल्यासाठीच आहे." सुटीत घरी गेल्यावर आईने विचारले, "कशाचं विंजेक्शन व्हतं रं?" मला सांगता येईना. वडील म्हणाले, "सरकारी हाय ना? मंग बरंच आसंल."

ते इंजेक्शन बहुधा हिताचेच असेल. पण आमच्या शरीरावर काय होणार हे आम्हाला आणि आमच्या आईबापांना सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही. ही गरज का वाटत नाही, याचा विचार आपल्या चळवळीने करायला हवा.

आपल्या माणसांना अंगठ्याचा इतिहास नवा नाही. अडाणी शेतकऱ्याला कागदपत्रांच्या आधारे कसे नागवले जाते, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडून ठेवले आहे. सावकाराच्या कागदावर उमटलेल्या अंगठ्याने जमीन गेली. दवाखान्याच्या कागदावर उमटलेल्या अंगठ्याने काय जाते?

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्यांची सरकारे त्यात होती. खम्ममच्या मुलींपैकी अनेकजणी आदिवासी, आणि कित्येक वसतिगृहांत राहणाऱ्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, महिला व आरोग्य संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध नव्हता, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. पण संमतीचे काय? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात आंध्रमधील ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब दिला आहे. त्यांतील १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या गृहपालांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या!

हा आकडा मी वाचला तेव्हा मला आमचा व्हरांडा आठवला.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ही लस वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते आणि २०२३ पासून पुण्यातील कंपनीची भारतीय बनावटीची लसही उपलब्ध झाली आहे. या कर्करोगाने आपल्याच वस्त्यांतल्या बाया मरतात. म्हणूनच ही गोष्ट अधिक गंभीर आहे. चांगली गोष्टही माणसाला न विचारता त्याच्यावर लादली की तिच्याविषयी संशय निर्माण होतो, आणि त्या संशयाची किंमतही पुन्हा गरिबालाच मोजावी लागते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. ज्या १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली आणि तिने अमेरिकेतील काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर'वरून आपले नाव घेतले, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तिकडे एक भयंकर प्रकरण वृत्तपत्रांत आले. अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ पासून तेथील सरकारी आरोग्य खाते सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर प्रयोग करीत होते. बहुतेक जण दुसऱ्याची शेती वाट्याने करणारे गरीब लोक. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंशाचा, म्हणजे गरमीचा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही, 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. उपचार चालू आहेत असे भासवून, उपचार न केल्यास शरीराची काय दशा होते ते डॉक्टर पाहत राहिले. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे तर त्यालाही 'खास मोफत उपचार' म्हटले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे या रोगावरचे प्रस्थापित औषध झाले, तरीही ते या माणसांना दिले नाही. मोबदला काय? तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च. चाळीस वर्षे हे चालले! पुढे १९७४ मध्ये संशोधनातील माणसांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. हा प्रयोग ज्या टस्कीगीच्या नावाने ओळखला जातो, ती काळ्यांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली संस्था होती, आणि तिने या कामाला साहाय्य केले. या पुरुषांना गाडीत बसवून तपासणीला आणणारी, त्यांची विचारपूस करणारी परिचारिका युनिस रिव्हर्स ही त्याच संस्थेत शिकलेली काळी स्त्री होती. तिला या माणसांविषयी आपुलकी नव्हती, असे म्हणता येणार नाही. पण लोकांचा विश्वास गोऱ्या डॉक्टरांवर नव्हता, तिच्यावर होता. आपल्यातून शिकून वर गेलेल्या माणसावरचा हा विश्वासच व्यवस्थेने वापरून घेतला.

खम्ममचे गृहपाल, टस्कीगीची परिचारिका आणि संमतीपत्रे वाटणारा मी, या तिघांची जागा एकच आहे. आपण शिकलो, नोकरीला लागलो, आणि नकळत व्यवस्थेच्या वतीने आपल्याच माणसांचा होकार गोळा करणारे झालो!

दलित साहित्याने 'नकार' या शब्दाला केवढी प्रतिष्ठा दिली! संमतीचा सारा अर्थ या एका शब्दात आहे. जेथे नकार देता येत नाही, तेथे होकाराला अर्थ उरत नाही. गुलामाच्या होकाराला करार म्हणत नाहीत.

कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला की, केवळ तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. त्या प्रकरणात भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीच्या आईकडून संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले होते. जिवावरचा प्रसंग नसताना आईची ती संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. सख्ख्या आईची सही जेथे चालत नाही, तेथे माझी कशी चालेल? संशोधनासाठी आयुर्विज्ञान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याहून स्पष्ट आहेत. मूल असेल तर पालकांची संमती तर हवीच, पण सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही हवा. २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य असले पाहिजेत, आणि त्यांत एक स्त्री व एक सामान्य नागरिक असणे बंधनकारक आहे. ही सामान्य नागरिकाची खुर्ची कोणत्या वस्तीतून भरली जाते, हे आपण कधी विचारले आहे काय?

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी कोणत्याही शिबिरापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. हा उपचार आहे, तपासणी आहे की संशोधन? खर्च कोण करतो? घेतलेले रक्त आणि माहिती पुढे कोठे जाते? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? नकार दिला तर मिळत असलेली कोणती सोय बंद होईल? उत्तरे मराठीत, आणि गरज असेल तेथे लोकांच्या बोलीत मिळाली पाहिजेत. विचार करायला निदान एक रात्र मिळाली पाहिजे. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवणारा साक्षीदार असा हवा, ज्याचा त्या कामात हितसंबंध नाही.

शिबिराला अजून चार दिवस होते. मी तो कागद घरी नेला, शब्दकोश घेऊन वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मराठीत सांगितला. उरलेले नमुने पुढील अभ्यासासाठी ठेवले जातील, असे एक वाक्य त्यात होते. तेही सांगितले. काल मी चुकलो, असे म्हणालो आणि ज्यांना सही मागे घ्यायची असेल त्यांनी कागद परत न्यावा, असे सांगितले. काहींनी नेले. त्या मुलीनेही नेला. शिबिराच्या दिवशी आकडा कमी भरला म्हणून वरिष्ठांची नाराजी पत्करावी लागली.

तिने कागद का परत नेला, हे मी तिला विचारले नाही. नकाराचे कारण द्यावे लागू नये, हाही त्या हक्काचाच भाग आहे. माझ्या आईला तो हक्क कोणी सांगितला नव्हता. पण आपल्या विद्यार्थ्यांना तो माहीत नसेल, तर दोष आता गृहपालांचा नाही, आपला आहे.